पुढच्या रांगेतली मान

मानेच्या मणक्याला टीबी झालाय असं ज्याला आजच कळलंय, त्याला आधी हे सांगून टाकतो की मी हे स्वतःच्या हातानं लिहितोय आणि या खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी आलोय. त्या दिवसांत मला एवढंच कुणाकडून तरी ऐकायचं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण 'धीर धरा' म्हणायचा. माझ्या हातात तेव्हा चमचासुद्धा राहत नव्हता, धीर कुठून राहणार?

मी मूळचा सांगलीचा. श्रीपेरुंबुदूरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका फ्रेंच कंपनीत नोकरी लागली म्हणून चेन्नईला आलो. अंबत्तूरला एका घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला आणि वर्षभरात घरमालकांच्या मुलीशी, पद्माशी, लग्नही केलं. ही माणसं तंजावरकडची मराठी. माझे सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांना मी मामा म्हणतो. त्यांचं मराठी ऐकून पहिल्यांदा मला हसू आलं होतं आणि माझं ऐकून त्यांना. म्हणाले होते, "तुम्ही बोलतां ते भांडण केल्यासारखं वाटतें."

आता रग्बीचं. सांगलीच्या माणसाच्या आयुष्यात रग्बी येण्याचं काही कारण नव्हतं. ती आली रेमीमुळे.

रेमी

रेमी आमच्या कारखान्यात पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस शॉपच्या साच्यांचा तज्ज्ञ म्हणून फ्रान्सहून आला होता. चाळिशीला टेकलेला, मान आणि डोकं एकाच जाडीचं, दोन्ही कान चुरगळलेल्या पापडासारखे. पिरेनीज डोंगराच्या पायथ्याला त्याचं गाव. बाप खाटीक. रग्बीत पैसा यायच्या आधी त्यांच्या क्लबचे खेळाडू दिवसा कारखान्यात राबायचे आणि संध्याकाळी खेळायचे. रेमी तिथेच फिटरचं काम शिकला. पुढे खेळाचे पगार सुरू झाले, तो देशातल्या सगळ्यात वरच्या साखळीत कितीतरी मोसम खेळला आणि एकदा फ्रान्सच्या संघात राखीव म्हणून बसला. "कोचनं मला उतरवलंच नाही," एवढं सांगून तो गोष्ट थांबवायचा. आम्ही हळहळायचो.

चेन्नईत आल्यावर महिनाभरात त्यानं एका कॉलेजच्या मैदानावर रविवारी सकाळी खेळणाऱ्या पोरांना शोधून काढलं, आणि कारखान्यातून मला उचललं, कारण माझे खांदे त्याला आवडले. मी हुकर झालो.

स्क्रम म्हणजे दोन्ही बाजूंचे आठ-आठ जण एकमेकांना धरून वाकतात, पुढच्या रांगांची डोकी एकमेकांत अडकवतात आणि ढकलतात. पुढच्या रांगेत तिघे असतात. दोन बाजूंना दोन प्रॉप आणि मध्ये हुकर. हुकरचे दोन्ही हात प्रॉपच्या खांद्यांवर गुंतलेले, त्यामुळे तोंडावर पडला तर टेकायला हात नसतो. मागच्यांचा सगळा जोर त्याच्या मानेवर. रेमी माझ्या उजव्या हाताला असायचा आणि तो असला की मला बुलडोझरला टेकून उभं राहिल्यासारखं वाटायचं.

पुढच्या रांगेची एक रीत त्यानं आम्हाला लावली होती. जोराचा स्क्रम झाला की मानेतून दंडात, दंडातून बोटांत झिणझिण्या येतात. त्याला तो करंट म्हणायचा. स्क्रम सुटला की आम्ही तिघं कपाळाला कपाळ लावायचो, तो विचारायचा, "करंट?" आणि आम्ही म्हणायचं, "थोडा." मग हसायचं आणि पुढच्या स्क्रमला जायचं. हे कोचला सांगायचं नाही, बायकोला सांगायचं नाही, डॉक्टरला तर नाहीच. मला या रीतीचा भलताच अभिमान होता.

म्हणून माझा करंट रविवारचा सोमवारी, सोमवारचा बुधवारी राहू लागला तेव्हा मी घाबरलो नाही. उलट वाटलं, आता आपण खरे हुकर झालो. मान आखडायची, तर बर्फ लावायचो. संध्याकाळी अंगात कणकण यायची, तर चेन्नईचा उकाडा. वजन उतरलं, तर व्यायाम. प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे उत्तर तयार होतं.

चप्पल

एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून दह्याची पिशवी आणायला गेलो. परत आलो तर पद्मा दारात उभी होती.

"चप्पल कोठे?"

"पायात."

"एकाच पायांत आहे. दुसरी कोठे?"

मी खाली पाहिलं. उजवा पाय उघडा होता, त्याला चिखल लागला होता आणि टाचेला कापलं होतं. चप्पल कधी निसटली, काय टोचलं, मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

पद्मानं पायरीवर बसवून माझ्या पायावरून बोटं फिरवली. "हे कळतें? हे?" मी सगळ्याला हो म्हणत होतो. मग ती म्हणाली, "आतां मी हात लावलाच नव्हता." आणि रडायला लागली.

मामा बाहेर आले. माझा पाय पाहिला आणि थेट ऑटो बोलवायला निघाले. मी त्याही वेळी म्हणालो, "मामा, उद्या जाऊ. रविवारी बंगळूरला मॅच आहे, त्याआधी दाखवतो." ते ऑटो घेऊनच आले.

"तुम्ही चालत आलात?"

दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी आम्हाला आत बोलावलं. बारीक अंगकाठीच्या, चष्मा डोक्यावर ढकललेल्या, न्यूरोसर्जन वाटू नयेत अशा. फिल्म दिव्यावर लावून त्यांनी बराच वेळ पाहिली, आणि मग माझ्या पायांकडे पाहिलं.

"तुम्ही चालत आलात?"

"हो."

"कुणीही हलू नका," असं म्हणून त्यांनी आधी नर्सला बोलावून माझ्या मानेला कडक पट्टा लावला आणि मगच खुर्चीत बसल्या. मानेतला एक मणका टीबीनं जवळजवळ खाल्ला होता, शेजारचा अर्धा. तिथे साठलेला पू मज्जारज्जूला दाबत होता. एवढंच त्या म्हणाल्या. मी म्हणालो, टीबी तर छातीत होतो, मला खोकलासुद्धा नाही. त्या म्हणाल्या, हाडातही होतो.

"मागच्या काही दिवसांत मानेला धक्का? पडलात, गाडी आदळली?"

मी पुढच्या रांगेचा माणूस. मी म्हणालो, "नाही, काही विशेष नाही."

"दर रविवारी आठ माणसं यांच्या मानेवर जोर देतात," पद्मा म्हणाली. तिनं ते तमिळमध्ये सांगितलं, जरा जास्तच तपशिलानं. डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

त्यांनी मला समजावलं की खेळामुळे टीबी झालेला नाही. पण हे हाड आता केव्हाही सरकू शकतं. सरकलं तर हात आणि पाय दोन्ही जातील, आणि आणखी वर दाब गेला तर श्वासही. घरी जायचं नाही. आजपासून पाठीवर.

बंगळूरच्या मॅचला दोन दिवस होते. पद्माची ती चपलेची कटकट मध्ये आली नसती तर मी त्या मानेनं स्क्रममध्ये शिरलो असतो. हा विचार मला अजूनही जेवताना येतो आणि घास तोंडात फिरतो.

पाठीवर

माझ्या कवटीला दोन्ही बाजूंनी चिमटा बसवला आणि त्याला दोरीनं वजन टांगलं, मान ओढलेली राहावी म्हणून. त्यानंतर माझं जग म्हणजे छताचा एक चौकोन आणि त्यातला पंखा. भेटायला येणारा माणूस वाकला तरच दिसायचा, त्यामुळे मला त्या दिवसांतल्या सगळ्यांच्या नाकपुड्या पाठ आहेत.

भीती सारखी एकाच तीव्रतेची नसते. सकाळी डॉक्टर यायचे, इडली कुस्करून भरवली जायची, तेव्हा ती जरा मागे बसायची. दुपारी वॉर्ड शांत झाला की मी पायाची बोटं हलवून बघायचो. हलली की पुन्हा, खात्रीसाठी. मग खात्रीची खात्री. दर वेळी आधीपेक्षा कमी हलली असं वाटायचं. शिंक यायला लागली तर देवाचा धावा करायचो, शिंकेनं हाड सरकलं तर!

सांगलीहून आईचा फोन यायचा, पद्मा तो माझ्या कानाला लावायची. आईचं म्हणणं मला मिरजेला आणा. हलवता येत नाही हे तिला पटत नव्हतं. "तिकडे कुणाला टीबी म्हणून सांगू नका. मणका सरकला एवढंच म्हणा. उद्या मुलंबाळं व्हायची आहेत." फोन ठेवून पद्मा म्हणाली, "मी खोटं सांगणार नाही. लपवून लपवून इथंवर आलां तुम्ही." त्यावरून आमचं भांडण झालं. छताकडे बघत बायकोशी भांडणं किती अवघड असतं, समोरचा उठून गेलाय आणि आपण एकटेच बोलतोय हेही उशिरा कळतं. ती बाहेर बाकावर जाऊन बसली होती.

मामा मात्र रोज रसम-भाताचा डबा घेऊन यायचे, आणि नाक खाजलं की न सांगता खाजवायचे. माणसाचं नाक इतकं खाजतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

हात सुटला

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काही काही तासांनी मला कुशीवर वळवायचे. ओंडका वळवावा तसं, सगळं अंग एकदम. त्याला चार माणसं लागायची. सिस्टर डोकं धरायची, बाकीचे खांदे, कंबर आणि पाय. ती तमिळमध्ये एक-दोन-तीन, "ओण्णु, रेंडु, मूणु" म्हणाली की चौघांनी एकाच क्षणी वळवायचं. मी डोळे मिटून तो आकडा ऐकायचो.

एका दुपारी रेमी भेटायला आला होता. रोज यायचा, कारखान्याच्या बसनं शहरात उतरून. वळवायची वेळ झाली आणि एक माणूस दुसऱ्या मजल्यावर अडकला. सिस्टरनं रेमीच्या खांद्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "सार, यू हेल्प." त्याला कंबर दिली.

त्यानं माझ्या कमरेखाली हात घातले. मला बरंच वाटलं, आपला प्रॉप आहे. ओण्णु. रेंडु. मूणु. मी अर्धा वळलो आणि त्याचा उजवा हात उघडला.

कंबर वीतभर खाली गेली असेल. मानेतून टाचेपर्यंत एक वीज गेली, तसला करंट मी कधी अनुभवला नव्हता. आणि मग काहीच नाही. सिस्टर ओरडत होती. मला सरळ केलं. रेमी फ्रेंचमध्ये काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होता.

डॉक्टरबाई धावत आल्या. "पायाचा अंगठा हलवा."

मी हलवला.

"हलवा," त्या म्हणाल्या.

मी हलवला होता ना! मी पुन्हा हलवला. त्या माझ्या पायाकडेच बघत होत्या. त्या तिसऱ्यांदा "हलवा" म्हणाल्या तेव्हा मला समजलं.

आयुष्यात मी इतका घाबरलेलो नाही, आणि पुन्हा कधी घाबरीन असं वाटत नाही. मी पद्माला हाका मारत होतो आणि ती माझ्या उशाशीच उभी होती.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं होतं, ते तासाभरात घ्यायचं ठरलं. मला नेण्याआधी मामा पायाशी जाऊन उभे राहिले. मला ते दिसत नव्हते, फक्त आवाज आला.

"मी पाय धरलाय. तुजला कळतें?"

"नाही मामा."

"मजला कळतें. पुरे." आणि स्ट्रेचर हलेपर्यंत ते तिथेच होते.

इकडे बाहेर रेमीनं काय केलं ते मला पद्मानं नंतर सांगितलं. डॉक्टरबाई ऑपरेशनला निघाल्या होत्या, तो त्यांच्या वाटेत उभा राहिला आणि आपला उजवा पंजा त्यांच्यापुढे धरला. "हा हात धरत नाही," तो म्हणाला. "कित्येक वर्षं धरत नाही. मी कुणाला सांगितलं नाही." अंगठा आणि बोट यांच्यामधलं मांस पार वाळून गेलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तासापूर्वी सांगायचं होतंत."

रेमीची खरी गोष्ट

गळ्याच्या पुढच्या बाजूनं शिरून त्यांनी पू काढला, सडलेलं हाड काढलं आणि माझ्याच कमरेचं हाड तिथे बसवलं. शुद्धीवर आलो तेव्हा घशातून आवाज फुटत नव्हता आणि पाय अजून परके होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, वाट बघू. किती, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारू शकत नव्हतो.

मामा रोज पाय धरून बसायचे. कितव्या तरी सकाळी मला डाव्या तळव्याला काहीतरी गार लागलं. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "मामा, हात गार आहे तुमचा." त्यांनी हात काढला नाही. म्हणाले, "अय्यो, आतांच धुऊन आलों," आणि दुसरा हातही पायावर ठेवला. त्या दिवसापासून पाय थोडे थोडे परत यायला लागले. आधी डावा, मग कुरकुरत उजवा.

रेमी आला तो उभाच राहिला. मी बसायची खूण केली. मला फारसं बोलता येत नव्हतं, बहुतेक म्हणूनच तो बोलला.

"मी तुला सांगितलं होतं की कोचनं मला उतरवलं नाही. ते खोटं आहे. त्यानं मला सांगितलं, रेमी, जा. मी जॅकेट काढलं. आदल्या आठवड्यापासून हाताला संवेदना नव्हती. मी मैदानाच्या रेषेवर उभा राहिलो आणि मला भीती वाटली. कोचला म्हणालो, मांडीचा स्नायू धरला. माझ्या जागी दुसरा गेला. आईवडील गॅलरीत बसले होते. फ्रान्सचा शर्ट घालून मी एक पाऊलही आत टाकलं नाही."

त्यानं खुर्ची आणखी जवळ ओढली.

"भित्रा म्हणून मी स्वतःला इतकी वर्षं शिव्या दिल्या. तुम्हाला ती करंटची रीत शिकवली, ती त्यासाठीच. माझ्या पोरांपैकी कुणी माझ्यासारखं रेषेवर थांबू नये म्हणून." त्यानं आपला वाळका पंजा मांडीवर उलटा केला. "काल माझ्याही मानेची फिल्म काढली. डॉक्टर म्हणाली, त्या दिवशी आत गेला असतास तर व्हीलचेअरवर बाहेर आला असतास."

मी त्याच्यावर चिडलो होतो का? हो. पंख्याकडे बघत मी मनात त्याला काय काय बोललो होतो. पण तो असा बसलेला पाहून मला रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. मी एवढंच म्हणालो, "मैदानावरच्या पोरांना सांग." तो पुढच्या रविवारी गेला आणि सगळ्यांसमोर त्यानं हे सांगितलं, मांडीच्या स्नायूसकट. त्याचं खेळणं त्या दिवशी संपलं. पुढे वर्षभर तो बाहेर खुर्ची टाकून पोरांवर ओरडत बसायचा.

घरी

घरी आल्यावरच्या भीतीबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. हॉस्पिटलात निदान सिस्टर असते. टीबीची औषधं वर्षाहून जास्त चालली. हॉस्पिटलात लघवी नळीनं जायची, मला दिसायची नाही; घरी पहिल्याच दिवशी ती नारिंगी झालेली पाहून मी एवढा ओरडलो की मामा खालून जिना चढून आले. गोळीचा रंग आहे हे सांगायचं सगळे विसरले होते. पद्मा त्या दिवशी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसली. मी नाही हसलो.

ती खाली चटई टाकून झोपायची, झोपेत आपला हात माझ्या मानेला लागेल म्हणून. टीबीचं तिनं सगळ्यांना खरं तेच सांगितलं. एका नातेवाइकांनी आमच्याकडे पाणी पिणं सोडलं, बाकीच्यांना फारसं काही वाटलं नाही. आई सांगलीहून येऊन दोन महिने राहिली आणि जाताना पद्माला म्हणाली, "तू केलंस ते बरंच केलंस." आईच्या तोंडून एवढं म्हणजे खूप.

शेवटी पट्टा निघाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, हाड जुळलंय, मान हलवा, रग्बी सोडून काहीही करा. मी हो म्हणालो आणि घरी येऊन पुन्हा पट्टा बांधला. पुढे तो काढला तरी मान हलवायची हिंमत होईना. कुणी बाजूनं बोललं की मी सगळं अंग फिरवायचो, गोदरेजचं कपाट सरकवल्यासारखं. ऑटोत बसलो की प्रत्येक खड्ड्याला हात मानेवर. रस्त्यात कुणी मागून धावत आलं तरी मी भिंतीला चिकटायचो. पद्मा म्हणायची, "वळवा की मान, कांही होत नाही." मी म्हणायचो, "उद्या."

दिवाळीच्या आधी ती मला टी. नगरच्या बाजारात घेऊन गेली. मी नकोच म्हणत होतो. तिथली गर्दी म्हणजे माझ्यासाठी पिशव्यांचा आणि कोपरांचा स्क्रमच. मी दुकानांच्या कडेकडेनं, हनुवटी छातीशी दाबून चालत होतो. पद्मा एका साडीच्या दुकानापाशी मागे राहिली. माझं लक्ष समोरून येणाऱ्या एका बाईच्या डोक्यावरच्या टोपलीकडे होतं, ती माझ्यावर आदळणार का याचा मी हिशेब करत होतो.

मागून पद्मानं माझ्या नावानं हाक मारली.

मी वळून बघितलं. ती दहा-बारा माणसांपलीकडे एक निळी साडी हातात धरून उभी होती. मी "काय?" म्हटलं. साडी तिच्या हातातून दुकानदाराच्या फळीवर पडली आणि तिनं तोंडावर हात घेतला.

"काय झालं?" मी घाबरून ओरडलो. "पद्मा, काय झालं?"

"पाय हलले नाहींत तुमचे," ती म्हणाली. "नुसती मान वळली."